रिकाम्या ओळीचा रंग

प्लेटमधल्या शेवटून दुसऱ्या ओळीत जांभळं दिसलं तेव्हा तिला आधी बरं वाटलं, आणि मग आठवलं की त्या ओळीत पेशी नाहीतच.

तिने ती खळग्याखळग्यांची प्लास्टिकची प्लेट खिडकीच्या उजेडाकडे धरली. झाकणावर त्या ओळीसमोर तिच्याच हातची काळी फुली होती. परवा पेशी पेरताना ती ही ओळ विसरली होती. सगळं संपल्यावर नळीत पेशींचं द्रावण उरलेलं दिसलं तेव्हा चूक लक्षात आली, तिने स्वतःला दोन शिव्या घातल्या, झाकणावर फुली मारली आणि जाऊ दे म्हणून पुढे गेली. काल झाडांच्या सालींचे अर्क घातले ते आठ तोंडांच्या पिपेटने, आणि आठ तोंडांची पिपेट फुल्याबिल्या बघत नाही. सगळ्यांबरोबर तिने रिकाम्या ओळीलाही तिचा वाटा देऊन टाकला. आज पिवळा रंग घातला. या पिवळ्या रंगाचं काम एकच, जिवंत पेशी त्याला जांभळा करते, मेलेली करत नाही. जांभळं म्हणजे आहे, पिवळं म्हणजे गेलं. प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या शाळेच्या पोरांनाही हे एका वाक्यात कळतं आणि ती लगेच आपापसात दंगा सुरू करतात. आणि आता जिथे जगायला-मरायला कुणी नव्हतंच तिथे कुणीतरी जिवंत असल्याची खूण उमटली होती. पूर्ण ओळीत नाही. पाच सालींच्या अर्कांखाली ओळ हवी तशी पिवळीच राहिली होती. सहाव्या सालीखाली मात्र गडद झाली होती, चांगल्या पिकलेल्या जांभळासारखी. सहावी साल बाबांची होती. बाबा म्हणजे तिचे सासरे, आणि ती साल ते गेला महिनाभर सकाळ-संध्याकाळ उकळून पीत होते, कारण तिने घ्या म्हणून सांगितलं होतं.

तिने प्लेट टेबलावर ठेवली. इन्क्युबेटरचं दार मघाशी उघडलं होतं, त्याची उबदार गोडसर वाफ अजून हवेत होती, वर स्पिरिटचा वास, आणि त्याच्याही वर, आता तिला भास झाला की खरंच येतोय कळेना, शिसपेन्सिल तासल्यावर येतो तसा त्या सालीचा वास. ती स्टुलावर बसली. सालीनेच रंग बदलला होता. पेशींचा काही संबंध नव्हता. आणि हे तिला आधी कळायला हवं होतं, कुणाहीपेक्षा तिला, कारण तिचं सगळं कामच दोन रंगांवर उभं होतं. झाडाची साल आली की आधी बघायचं की तिच्यात अँटिऑक्सिडंट ताकद किती. त्यासाठी एक जांभळं द्रावण असतं, जन्माचं अतृप्त. साल चांगली असेल तर ती त्याला हवं ते देऊन टाकते आणि जांभळ्याचं पिवळं होतं. मग दुसरी परीक्षा, ती पेशी मारते का, आणि तिथे नेमकं उलट, पिवळ्याचं जांभळं. विज्ञानाला विनोद कळत नाही असं म्हणणाऱ्याने ही दोन द्रावणं शेजारी ठेवून बघावीत. बाबांच्या सालीने पहिल्या परीक्षेत असा काही हात सैल सोडला होता की थेंब पडता पडता जांभळं नाहीसं झालं होतं. तेव्हा ती खूश झाली होती, घरी येऊन म्हणाली होती, बाबा, तुमची साल म्हणजे कर्णाचा अवतार आहे. आता इतकी दानशूर वस्तू, जी समोर येईल त्याला देत सुटते, ती दुसऱ्या रंगासमोर हात आखडता घेईल असं तिने का धरून चाललं? तिने तोही रंग बदलला. पेशी जिवंत असोत, मेलेल्या असोत, नसोतच. महिन्यापूर्वीची ती पहिली प्लेट, जी काठोकाठ जांभळी दिसली आणि जिच्याकडे बघून ती जेवताना म्हणाली होती, "घ्या खुशाल, काही करत नाही ते," त्या प्लेटमधल्या पेशी कदाचित सगळ्या मेलेल्या होत्या. कदाचित नव्हत्या. त्या प्लेटने तिला काहीच सांगितलं नव्हतं, आणि तिने ऐकलं मात्र होतं.

आणि ती पडताळ्याची ओळ टाकते, नेहमी टाकते, हे तर जास्तच लागत होतं. अर्क घालायचा, रंग घालायचा, पेशी घालायच्या नाहीत. काय होतं बघायचं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती हे कान पकडून शिकवते. फक्त त्या दिवशी प्लेटमध्ये जागा नव्हती. पाच साली प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांच्या, त्या रीतसर आलेल्या, आणि सहावी घरची, पिशवीतून आलेली, तिला कुठेतरी कोपऱ्यात बसवायची होती. घरी ऐन वेळी पाहुणा आला की आपण आपलं ताट मागे ठेवतो तसं तिने पडताळ्याच्या ओळीला उठवलं आणि तिथे बाबांची साल बसवली. घरचं माणूस म्हणून. आणि या वेळीही तीच मांडणी तशीच पुढे चालवली होती. परक्याची साल असती तर तिने दुसरी प्लेट घेतली असती, आठवडा घालवला असता, आणि सालीसमोर कायद्यावर बोट ठेवून बसली असती. तिला तिच्या आईचं कोपर आठवलं. धाकट्या भावाला अंघोळ घालताना आई बादलीत आधी कोपर बुडवायची, कारण हाताच्या तळव्यांना भांडी घासून घासून काही कळेनासं झालं होतं. एकदा कुणी दारात आलं होतं, घाई होती, आईने नुसती बोटं बुडवली आणि तांब्या ओतला. पाणी बरोबरच होतं. भाऊ हसत होता, पाणी उडवत होता. पण आई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलली नाही, आणि तेव्हा तिला, सात-आठ वर्षांच्या मुलीला, कळेना की काही झालंच नाही तर ही अशी का बसलीये. आता कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

तिने घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाबांना फोन जवळ ठेवायची सवय नव्हती. उभ्या आयुष्यात ते शिट्टीवर आणि हातावर बोलले. चौकात उभं राहून वाहतूक वळवणं ही त्यांची नोकरी, तीस-बत्तीस वर्षं ऊन-थंडीत एकाच गोल चबुतऱ्यावर, आणि निवृत्त झाले तेव्हा गुडघ्यांनीही त्यांच्याबरोबरच राजीनामा दिला. तरी सासूबाई होत्या तोवर ते घरात फिरत होते, कारण त्यांना स्वयंपाकघरात जाऊन भांडायला लागायचं. सासूबाई गेल्या आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. नुसते बसले. जेवायला हाक मारली की "इथेच आण" म्हणायचे. नवरा जहाजावर, चार-चार महिने पाण्यावर. तो फोनवर विचारायचा, बाबा कसे आहेत, आणि ती म्हणायची, आहेत. खुर्चीच्या हातांवर त्यांच्या तळव्यांनी रंग उडाला होता. मग एक दिवस बागेतल्या बाकावरचा त्यांचा एक मित्र, निवृत्त पोस्टमास्तर, घरी आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली साल देऊन गेला. याच्या काढ्याने माझा खांदा हलायला लागला म्हणाला, आणि खांदा हलवून दाखवला. बाबांनी ती पुडी टेबलावर ठेवली, तिच्यासमोर, आणि वाहतूक थांबवतात तसा तळवा उभा धरून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमची परवानगी मिळाल्याशिवाय मी एक घोट घेणार नाही. मी काही त्या पोस्टमास्तरासारखा अडाणी नाही." चेष्टाच होती. पण डोळ्यांत चेष्टा नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांनी तिला कशाची परवानगी मागितली नव्हती, आणि सासूबाई गेल्यापासून तर त्यांनी काही मागितलंच नव्हतं. त्यांना काहीतरी हवं आहे याचाच तिला इतका आनंद झाला होता की, आता स्टुलावर बसून तिने प्रामाणिकपणे स्वतःशी कबूल केलं, प्लेट जांभळी यावी असं तिला आधीपासून वाटत होतं.

आणि काढ्याने काय केलं म्हणा, की कशाने केलं, पण पंधरा दिवसांत ते उठले. आधी गॅलरीपर्यंत, मग फाटकापर्यंत, मग रस्त्याच्या टोकाला. जेवणाच्या टेबलावर येऊन बसायला लागले आणि मिठावरून बोलायला लागले. परवा ती पेशी पेरत होती तेव्हा स्वतःहून फोन आला, तिने तो कोपराने स्पीकरवर टाकला, आणि ते धापा टाकत म्हणाले, "अगं, लिफ्ट बंद आहे. मी जिन्याने आलो. मधे कुठेही न थांबता!" ती इतक्या जोरात "बाबा!" म्हणून ओरडली की शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकली. मग दोघं काय काय बोलले, कुठल्या मजल्यावर कोण भेटलं, आणि तिचा हात आपला चाललाच होता, खळग्यामागून खळगा, आणि बहुतेक तेव्हाच ती ओळ राहिली. त्या आनंदाने तिला चुकवलं नसतं तर आज हे कळलंही नसतं. हे तिला आता लक्षात आलं आणि तिने तो विचार बाजूला सारला, कारण तो विचार फार हुशार होता आणि तिला या क्षणी हुशार काही नको होतं.

जुळी प्लेट अजून इन्क्युबेटरमध्ये होती, रंग न घातलेली. ती उठली. प्लेट मायक्रोस्कोपखाली सरकवून तिने आधी गाठीच्या पेशी पाहिल्या, कॅन्सरच्या. निरोगी असल्या की त्या तळाला घट्ट चिकटून, हातपाय पसरून, जागा आपल्याच बापाची असल्यासारख्या बसतात. बाबांच्या सालीखाली त्या गोल झाल्या होत्या, सुटल्या होत्या, तरंगत होत्या. संपल्या होत्या. मग बाजूच्या खळग्यांत साध्या पेशी, कातडीच्या, निरपराध. त्या बऱ्याच जागेवर होत्या, पण जिथे अर्क दाट होता तिथे मधेमधे खिंडारं पडली होती. पातळ अर्काखाली डोळ्यांना काही ठरवता येईना. तिने डोळे काढले तेव्हा मागे सर उभे होते, हातात नेहमीचा गरम पाण्याचा कप. तिने फुलीची ओळ दाखवली, मग त्यांना मायक्रोस्कोपवर बसवलं. त्यांनी दोन-तीन खळगे पाहिले, आणि मग पाठमोरी त्यांची मानच हसायला लागली.

"मॅडम, म्हणजे ही मारते!"

"असं दिसतंय."

"अहो, आपण हिला वाया गेलेली म्हणून बाजूला ठेवणार होतो! पाच साली घासत बसलो आणि ही बया बुरख्याआडून... कुठून आली हो ही? तुमच्या त्या घरच्या पुडीतली ना?" त्यांनी कप खाली ठेवला. "आणि तुमचं तोंड का असं झालंय?"

"माझे सासरे पितात हे, सर. महिना झाला."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"मी."

सर पुन्हा मायक्रोस्कोपकडे वळले, पण बघायला नाही, कुठेतरी बघायचं म्हणून. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षं हातात काही लागत नव्हतं आणि आज लागलं होतं, त्याला आनंद लपवता येत नव्हता आणि दाखवायची लाज वाटत होती. "घरी जा," ते म्हणाले. "प्लेट मी बघतो. आणि मॅडम, काढा म्हणजे काही आपला अर्क नव्हे. आपला कितीतरी दाट. लगेच हातपाय गाळू नका." तिने मान हलवली. हे तिलाही माहीत होतं. पण असं असेल, तसं असेल यावरच तर ती महिन्यापूर्वी जेवताना बोलली होती.

बसमध्ये तिने वाक्यं जुळवली. अर्काचा रंगावर परस्पर परिणाम होतो, त्यामुळे निकाल विश्वासार्ह नव्हता. किंवा, तपासात एक त्रुटी राहिली होती. कुणाची ते वाक्यात येत नव्हतं, म्हणून ती वाक्यं छान वाटत होती. घरात शिरली तर खुर्ची रिकामी. फोन त्या खुर्चीवरच, तिचे चुकलेले कॉल पोटात घेऊन. शेगडीवर छोटं पातेलं, त्यात संध्याकाळचा काढा गाळून झाकून ठेवलेला. तिने झाकण उचललं आणि परत ठेवलं. तिच्या मनात आलं की ओतून टाकावा आणि सांगावं साल संपली, पोस्टमास्तरांकडेही संपली, झाडच तोडलं. इतकं सोपं होतं. बाबांनी विश्वास ठेवला असता, कारण तिने सांगितलेलं ते ऐकत. ती तशीच पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. ते कुठे असतील याचा विचार करायची गरज नव्हती.

चौकात आता गोल चबुतरा राहिलेला नाही, दिवे आहेत. बाबा कोपऱ्यावरच्या फुटपाथवर उभे होते, हात मागे बांधून, आणि एका तरुण पोलिसाकडे असं बघत होते की तो बिचारा सारखा गणवेश ठीक करत होता.

"अगं, तू? या वेळी? घराला आग लागली की काय?"

"फोन का नाही नेलात?"

"फोन घेऊन काय चालायचं? तो बघ, तो फोनच बघतोय. इकडे ट्रक चुकीचा वळला याचा पत्ता नाही त्याला." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं? जहाजावर सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तसलं काही नाही. बाबा, काढा बंद करायचा."

"का?"

आणि बसमध्ये जुळवलेलं सगळं कुठच्या कुठे गेलं. "मी चुकले," ती म्हणाली. "काही करत नाही म्हणाले होते ना, ते मला कळलेलंच नव्हतं. एक गोष्ट बघायची राहिली होती माझ्याकडून. तो करतो. काय करतो ते अजून मला माहीत नाही."

दिवा हिरवा झाला, बाजूची माणसं ओलांडून गेली. ते दोघं तिथेच उभे. "विष आहे?" त्यांनी विचारलं, अगदी गाडीचे कागद मागावेत तसं.

"पेशी मरतात त्याने. कॅन्सरच्या मरतात. साध्याही थोड्या मरतात, दाट असला की."

"कॅन्सरच्या मरतात? मग चांगलंच की गं ते!"

"चांगलंच आहे. सर नाचायचे बाकी आहेत."

"आणि तू रडतेयस."

"मी रडत नाहीये."

"बरं, नाहीस." ते रस्त्याकडे बघत राहिले. मग एकदम, तिच्याकडे न बघता, म्हणाले, "मग हे चालणं कशाचं? हे पण त्याच्याबरोबर जाणार का?" तिची नजर त्यांच्या गुडघ्यांकडे गेली. "हे बघ. थोड्या पेशी मरतायत तर मरू देत. माझ्याकडे पुष्कळ आहेत, आणि मी काही त्यांचा हिशेब ठेवणार नाही. पण त्या खुर्चीत मी परत बसणार नाही. तुला ठाऊक नाही तिथून काय दिसतं. काही नाही दिसत. समोरच्या इमारतीची भिंत, आणि दुपारी त्या भिंतीवर ऊन. तेवढंच. दीड वर्ष मी ते ऊन बघितलं."

तिला ठाऊक होतं. तिनेच ते जेवणाचं ताट तिथे नेऊन दिलं होतं, दीड वर्ष, आणि ताट देताना त्या भिंतीकडे बघायचं टाळलं होतं. आता एक वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. काही होणार नाही बाबा, चालणं तुमचं तुमच्याजवळच राहील. तोंडातून नुसतं सुटायचं होतं, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडला असता आणि तिचाही. याच जिभेवरून महिन्यापूर्वी त्याच्याच जातीचं एक वाक्य सुटलं होतं. तिने ते गिळलं. "ते मला माहीत नाही बाबा," ती म्हणाली. "राहील की जाईल, मला खरंच माहीत नाही." हे बोलताना तिला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं ते वेगळंच, जड पिशवी खाली ठेवल्यावर खांद्याला वाटतं तसं काहीतरी. बाबा रागावले असते तर तिने सोसलं असतं. ते रागावले नव्हते, ते विचार करत होते, आणि विचार करताना ओठ पुढे काढायची त्यांची सवय तिच्या नवऱ्यातही उतरली होती हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

"तुझ्या त्या साध्या पेशी," ते अखेर म्हणाले, "कुणाच्या असतात?"

"कुणाच्या म्हणजे? मिळतात. बाटलीत येतात. कुठल्यातरी माणसाच्या, कधीच्या तरी."

"म्हणजे परक्याच्या. मग त्यांच्यावरून माझं कसं कळणार? माझ्या घे की."

ती बघत राहिली. असं करतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून वापरतात, प्रयोगशाळेकडे त्याची परवानगीही होती, इच्छुकांचं रक्त घ्यायची. आजवर इच्छुक म्हणून हक्काने धरून आणलेले विद्यार्थीच होते. हे आपल्याला सुचलं नाही याचं तिला वाईट वाटलं नाही. सुचलं असतं तरी ती त्यांच्याकडे मागू शकली नसती.

"सुई टोचावी लागेल," ती म्हणाली.

"उंदीर झाले, ससे झाले," बाबा म्हणाले, "वाहतूक हवालदार अजून कुणी वापरला नसेल तुमच्यात." आणि घरी आल्यावर त्यांनी स्वतःच पातेलं उचललं, काढा मोरीत ओतला, आणि नळ जरा जास्तच वेळ चालू ठेवला.

रक्त घेणाऱ्या बाईला त्यांनी सांगितलं, एक नळी डॉक्टरची, एक आमच्या सुनेची, आणि आमच्या सुनेची जरा भरून घ्या. डॉक्टरची नळी आधी बोलली: यकृत ठीक, मूत्रपिंड ठीक, वयाच्या मानाने उत्तम. तो कागद बाबांनी पोस्टमास्तरांना दाखवला, वरच्या मजल्यावर दाखवला, जहाजावर फोनवरून वाचून दाखवला. डॉक्टर म्हणाले, काढा बंद तो बंद, महिन्याने परत तपासू. सुनेच्या नळीला वेळ लागला. तिने नवी प्लेट घेतली, आख्खी, फक्त त्यांच्यासाठी, आणि तिच्यात जेवढ्या म्हणून पडताळ्याच्या ओळी मावत होत्या तेवढ्या घातल्या, काही दोन-दोनदा. सर बघून म्हणाले, मॅडम, अहो पडताळाच पडताळा झालाय, प्रयोग कुठाय? या वेळी पिवळा रंग घेतला नाही. निळा घेतला. निळ्याचं बरं असतं, तो मेलेल्या पेशीत शिरतो आणि जिवंत पेशी त्याला दारातूनच परत पाठवते. तिथे सालीच्या दानधर्माला वाव नाही. अर्काऐवजी घरी करतात तसा काढाच केला, त्याच मापाचा, आणि तो कपात असतो तसा, रक्तात पोचून पातळ होईल तसा, आणि त्याहून खूप दाट, असा उतरत्या क्रमाने घातला. त्या दिवसांत बाबा काढ्याशिवाय रोज चौकापर्यंत जात होते. सावकाश जात, परत येताना दोनदा टेकत, आल्यावर गुडघ्यावर हात ठेवून बसत. ती खिडकीतून बघायची आणि बरं चाललेत की वाईट ते ठरवायची नाही. रात्री जेवताना दोघं मिठावर बोलायचे.

मोजायच्या दिवशी ते तिच्याबरोबर आले. बाहेर थांबा म्हटलं तर म्हणाले, माझ्या पेशी आणि मी बाहेर? त्यांना तिने सर बसतात त्या स्टुलावर बसवलं, अंगात पांढरा कोट घातला. तो त्यांना आखूड झाला, पण कॉलर त्यांनी अशी ताठ केली की शेजारच्या टेबलावरची मुलगी आपसूक उभी राहिली. ती मोजत होती. एका खळग्यातून दुसऱ्यात. दाट काढ्याखाली निळं पुष्कळ होतं, एक सबंध पसारा निळा. तो आकडा लिहून ती पुढे गेली. कपातल्या काढ्याखाली निळं होतं, मधेमधे. मग पातळ झालेला, अंगात पोचेल तसा. तिथे ती थांबली. मान दुखेपर्यंत थांबली. मग काढा अजिबात न घातलेल्या पडताळ्याच्या ओळीवर गेली, तिथे मोजलं, परत आली, परत मोजलं. स्वच्छ, गोल, कडेने चकाकणाऱ्या पेशी, गर्दीच्या गर्दी, निळ्याला आत न घेणाऱ्या. हवं तसं दिसतंय म्हणून तिने तिसऱ्यांदा मोजलं, आणि तरी तसंच दिसलं.

"बघायचंय?" तिने विचारलं.

ते उठून आले, वाकले, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग दोन्ही उघडून बघता येतं हे त्यांना सापडलं. तिच्या ओळखीचं ते डोकं, मागे पांढरे विरळ केस, कानामागे राहून गेलेला साबणाचा पांढुरका डाग, मायक्रोस्कोपवर झुकलेलं, आणि काचेखाली तेच, त्यांच्याही आतलं, सासूबाईंनीही कधी न पाहिलेलं. तिला हसू यायला लागलं आणि ते तिने येऊ दिलं.

"यातला मी कोणता?" बाबांनी विचारलं.

"सगळेच."

"ही एवढी गर्दी? आणि कुणी रांगेत नाही?" ते आणखी वाकले. "जिवंत आहेत?"

"आहेत. चार-पाच निळे दिसतात ना, ते गेलेत. पण तेवढे काढ्याशिवायही जातात. दाट काढ्याखाली मात्र पुष्कळ गेलेत."

"मग पातळ करून पिऊ?"

"नाही. एका दिवसाचं कळलंय फक्त, आणि तेही काचेवरचं. गुडघ्यांना त्याने काही होतं का, तेही माहीत नाही. अजून खूप बघायचं राहिलंय. वेळ लागेल बाबा. एखाद-दोन वर्षंही लागतील."

त्यांनी डोळे काढले नाहीत. कोटाची आखूड बाही दंडापर्यंत वर सरकली होती, हात त्यांनी मायक्रोस्कोपच्या कडेला टेकवला होता, कोपराच्या आतल्या बाजूला सुईची खूण अजून पिवळसर होती, आणि खाली त्यांची ती सगळी गर्दी कुणाच्या इशाऱ्याची वाट न बघता आपली हळूहळू हलत होती.

"लागू देत," ते म्हणाले. "मी आहे की."